कोयना धरण सुरक्षित आहे म्हणता, मग त्याची रीडिंगही दाखवा : जलसंपदा विभागाला खुलं पत्र

प्रति,
मा. सचिव, जलसंपदा विभाग, महाराष्ट्र शासन,
राज्य धरण सुरक्षा संघटना, नाशिक,
आणि कोयनेच्या सुरक्षा मूल्यमापनाशी संबंध असलेले सगळे इंजिनिअर साहेब,

स.न.वि.वि.

कोयना भागात हादरा बसला की दुसऱ्या दिवशी पेपरात जी बातमी येते ती आम्हाला आता तोंडपाठ झालीय. तीव्रता अमुक रिश्टर स्केल, केंद्रबिंदू कोयनेपासून इतक्या किलोमीटरवर, वारणा खोऱ्यात अमक्या गावाच्या नैऋत्येला, खोली इतकी, आणि मग शेवटची ओळ, धरण सुरक्षित आहे, नागरिकांनी घाबरून जाऊ नये. बघा, वरच्या प्रत्येक गोष्टीला आकडा असतो, शेवटच्या ओळीला नसतो. हे पत्र त्या शेवटच्या ओळीबद्दल आहे.

मी पाटण तालुक्यात राहतो, सिव्हिलचा डिप्लोमा केलाय, बांधकामाची कामं घेतो. धरणांचा तज्ज्ञ नाही. पण काँक्रीट रोज हाताखालून जातं, ते किती टिकतं आणि कशानं खराब होतं एवढं कळतं, आणि घर धरणाच्या खालच्या अंगाला आहे. भीती पसरवायची नाहीये, हे आधीच स्पष्ट करतो. हे धरण इतकी वर्षं हादरे खात उभं आहे, आणि ज्या लोकांनी ते बांधलं आणि १९६७ नंतर सावरलं त्यांच्याबद्दल मनात आदरच आहे. म्हणूनच विचारतोय.

कोयना हे काही नेहमीचं धरण नाही हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही, पण वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगतो. १०३ मीटर उंच, ८०७ मीटर लांब, रबल काँक्रीटचं, म्हणजे मोठमोठे दगड टाकून त्यांच्यामध्ये काँक्रीट भरत भरत वर आणलेलं ग्रॅव्हिटी धरण. १९६२ पासून पाणी अडवायला सुरुवात झाली आणि त्यानंतर लहान लहान धक्के जाणवायला लागले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी मोठा भूकंप झाला, ६.३ ते ६.५ च्या आसपासचा. १८० च्या आसपास माणसं गेली, कोयनानगर भुईसपाट झालं, आमच्याकडची म्हातारी माणसं अजून तारीख सांगताना 'भूकंपाच्या आधी' आणि 'भूकंपानंतर' असंच सांगतात. धरण फुटलं नाही. पण धरणाला काही झालं नाही असंही नव्हतं, आणि हे आमच्या नव्या पिढीतल्या बऱ्याच जणांना माहीतच नाही. सांडव्याच्या दोन्ही बाजूंच्या उंच मोनोलिथना (धरण ज्या उभ्या ठोकळ्यांत बांधलंय ते ठोकळे) आडवे तडे गेले, पाण्याच्या बाजूनं पण आणि खालच्या बाजूनं पण, आणि काही ठिकाणी खालच्या अंगाला पाझर दिसायला लागला.

तडे कुठं गेले तर पायापासून साधारण ६६ मीटर उंचीवर, जिथं धरणाच्या खालच्या बाजूचा, म्हणजे पाण्याच्या उलट बाजूचा, उतार एकदम बदलतो आणि जाडी झटकन कमी होते. भूकंपात पायापेक्षा माथा जास्त हलतो, वरचा भाग मागं-पुढं झुलायला लागतो, आणि त्याचा सगळा ताण येतो त्या कोपऱ्यावर. काँक्रीट दाबाला दणकट असतं पण ताणाला त्याची ताकद साधारण दहावा हिस्सा, त्यामुळं चिरलं तर तिथंच चिरणार. धरणाचं डिझाइन करताना भूकंपासाठी धरलेला गुणांक होता ०.०५, म्हणजे वजनाच्या पाच टक्के आडवं बळ. त्या पहाटे १-ए नंबरच्या मोनोलिथमधल्या यंत्रानं नदीच्या दिशेनं ०.४९ जी आणि धरणाच्या लांबीच्या दिशेनं ०.६३ जी इतकं त्वरण नोंदवलं (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण). हे दोन प्रकारचे आकडे सरळ एकमेकांना भागून तुलना करायची नसते हे मला कळतं, एक डिझाइनचा सारखा धरलेला बळाचा गुणांक आणि दुसरा क्षणभराचा शिखर आकडा, पण तरी धरताना काय धरलं होतं आणि प्रत्यक्षात काय आलं यातलं अंतर कुणालाही दिसेल.

मग दुरुस्ती झाली. तड्यांमध्ये इपॉक्सी भरलं, प्रीस्ट्रेस केबल (ताणून बसवलेल्या पोलादी तारा) टाकून वरचा भाग खाली आवळला, आणि नंतर सांडवा सोडून बाकी भागाला खालच्या बाजूनं काँक्रीटचे बट्रेस, म्हणजे टेकू, देऊन कायमचं मजबूत केलं. सांडव्याच्या भागाचं मजबुतीकरण तर २००० नंतरच्या दशकात झालं. चांगलंच काम झालं. पण साहेब, त्या बट्रेसलाही आता पन्नास वर्षं होऊन गेली. म्हणजे आज आमच्या डोक्यावर जे उभं आहे ते साठीचं जुनं काँक्रीट आणि पन्नाशीचं 'नवीन' काँक्रीट यांची जोडी आहे, आणि दोघं भूकंपात एकजीव वागतील का हा सगळ्यात मोठा प्रश्न त्या जोडावर आहे. जुन्याला नवीन चिकटवलेल्या कामात पहिला दगा सांध्यात होतो, साध्या कॉलमला जॅकेटिंग करताना पण आम्ही तिथंच जास्त लक्ष देतो. त्या सांध्यातून आरपार जाणारे कोअर (ड्रिल करून काढलेले काँक्रीटचे गोल नमुने) शेवटचे कधी काढले, त्यात सांधा धरून होता का सुटलेला निघाला, ताणाची टेस्ट केली का आणि किती आली, हे आम्हाला कळायला पाहिजे. आणि त्या वेळच्या केबल आज हिशोबात धरता का सोडून दिल्यात, हेही. केबल गंजतात, ताण सोडतात, त्यामुळं हे विचारणं चुकीचं नाही.

एक गोष्ट सांगतो जी मला खरंच बोचते. जगभरात काँक्रीटच्या धरणांवर भूकंपाचा अभ्यास करणारा विद्यार्थी कोयनेपासूनच सुरुवात करतो. अबॅकस नावाचं इंजिनिअरिंगचं सॉफ्टवेअर आहे, त्याच्या उदाहरणांत कोयना धरणाचं मॉडेल आहे, त्यामुळं दुसऱ्या देशातली पोरं पण कॉम्प्युटरवर आमचं धरण हलवून तडा कुठं जातो ते बघतात. त्याच्यावर किती पेपर निघाले असतील मोजदाद नाही. हैदराबादची एनजीआरआय ही भूभौतिक संशोधन संस्था कित्येक वर्षं इथले धक्के मोजतेय, केंद्र सरकारनं कराडला भूगर्भ संशोधनाची प्रयोगशाळा काढली, गोठण्याला ३ किलोमीटर खोल बोअर मारलं. म्हणजे खडकाच्या आत काय चाललंय ते समजून घ्यायला एवढा खर्च, एवढी माणसं. आणि धरणाच्या खाली राहणाऱ्या माणसाला मात्र आज धरणाची गळती सेकंदाला किती लिटर आहे हा एक आकडा माहीत नाही.

गळतीचा आकडा का महत्त्वाचा ते जरा सविस्तर लिहितो, कारण लोकांचा याबद्दल फार गैरसमज आहे. डिप्लोमाला असताना आम्हाला एका जुन्या धरणाच्या गॅलरीत, म्हणजे धरणाच्या आतल्या बोगद्यात, नेलं होतं (कोयना नव्हे, दुसरं). आत गारवा, पिवळे बल्ब, बाजूच्या गटारातून पाणी वाहतंय, भिंतीवर आणि छताला पांढरा चुन्याचा थर, काही ठिकाणी तर तो लोंबत खाली आलेला. खालच्या खडकात मारलेल्या निचऱ्याच्या भोकांची तोंडं ओळीनं दिसत होती आणि त्यातल्या काहींच्या तोंडावर तोच पांढरा चुना साचून ती जवळपास बंद झालेली. शेवटी एक व्ही-नॉच, म्हणजे वाहतं पाणी मोजायची व्ही आकाराची खाच, तिथं एक कर्मचारी मोजपट्टीवर पाण्याची उंची बघून रजिस्टरला पेन्सिलीनं लिहीत होता. आमच्यातल्या एकानं विचारलं, गळती कमी होतेय म्हणजे चांगलंय ना. तर तिथले साहेब म्हणाले, कमी का झाली ते आधी बघायचं.

त्याचं कारण असं. ग्रॅव्हिटी धरण आपल्या वजनावर उभं असतं. पण तलावातलं पाणी खालच्या खडकात आणि काँक्रीटच्या जोडात शिरून धरणाला खालून वर ढकलत असतं, त्याला अपलिफ्ट म्हणतात, आणि हा जोर जितका जास्त तितकं धरणाचं वजन जणू कमी झाल्यासारखं होतं. तो जोर कमी करायला निचऱ्याची भोकं असतात. पाझरणारं पाणी काँक्रीटमधला चुना विरघळवून आणतं, हवेशी गाठ पडली की तो चुना परत घट्ट होतो, आणि वर्षानुवर्षं असं होत होत भोक बुजतं. मग काय होतं, व्ही-नॉचवर पाणी कमी दिसतं, रजिस्टरमध्ये आकडा छान दिसतो, आणि खाली दाब मात्र वाढलेला असतो. म्हणून नुसती गळती सांगून उपयोग नाही, त्याच्या जोडीला अपलिफ्टचे आकडे पाहिजेत, किती भोकं चालू आहेत आणि किती बुजली, बुजलेली परत कधी ड्रिल करून मोकळी केली ते पाहिजे. आणि हे आकडे दर वेळी तलावाच्या त्याच पातळीला आणि त्याच महिन्यातले एकमेकांशी लावून बघायला पाहिजेत, कारण थंडीत काँक्रीट आकसतं, जोड जरा उघडतात आणि डिसेंबर-जानेवारीत गळती आपोआपच वाढलेली दिसते. ऑगस्टचा आकडा जानेवारीच्या शेजारी ठेवून काही कळत नाही. वीस-तीस वर्षांचा असा एक साधा तक्ता तुमच्याकडं नक्की असेल. तो आम्हाला पाहिजे.

काँक्रीटचं वय नुसतं वर्षांत मोजता येत नाही याची उदाहरणं आपल्याच राज्यात आहेत. भंडारदरा १९२६ साली पूर्ण झालं, १९६९ ला त्याला तडे आणि मोठी गळती दिसली, मग बट्रेस देऊन आणि केबल टाकून ते सावरलं आणि आज शंभरी गाठलेलं ते धरण उभं आहे. आणि पुण्याजवळचं टेमघर बघा, अगदी अलीकडचं, तरी त्यातून सेकंदाला अडीच हजार लिटरच्या घरात पाणी गळायला लागलं आणि ग्राउटिंग करून, म्हणजे आत दाबानं सिमेंट भरून, ते कमी करावं लागलं. ही दोन्ही दगडी बांधकामाची धरणं, पण मुद्दा तोच. म्हातारं म्हणून धोक्याचं असं नाही आणि तरुण म्हणून बिनधास्त असंही नाही, तपासल्याशिवाय कळत नाही. तिकडं उत्तर प्रदेशात रिहंद आणि ओडिशात हिराकूड, तिथं वेगळाच आजार, सिमेंटमधली अल्कली आणि खडीतली सिलिका यांची रिॲक्शन होऊन काँक्रीट आतून फुगतं आणि तडे जातात. आपल्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत कधी कधी कॅल्सिडोनी असतं आणि ते या रिॲक्शनला पोषक असतं, त्यामुळं कोयनेच्या कोअरची पातळ चकती करून मायक्रोस्कोपखाली बघितली का, हा प्रश्न विचारायलाच पाहिजे. रबल काँक्रीटमध्ये तर अजून एक अडचण, कोअर काढला आणि तो नेमका मोठ्या दगडातून गेला तर ताकद जोरदारच येणार, ती दगडाची ताकद झाली, धरणाची नाही. म्हणून कोअर किती काढले, कुठून काढले, त्यातले किती अख्खे निघाले आणि किती तुकड्यांत, हे सरासरीपेक्षा जास्त बोलतं. दोन-चार ठिकाणी श्मिट हॅमर (पृष्ठभागाचा कडकपणा बघायचं हातातलं यंत्र) ठोकून 'काँक्रीट उत्तम' असं लिहिलेला रिपोर्ट आम्हाला नको, तो वरच्या पातळ थराचाच हिशोब असतो.

आता भूकंपाचा हिशोब. कोयनेसारख्या धरणाला दोन पातळ्यांवर तपासतात हे मी वाचलंय, एक असा भूकंप जो धरणाच्या आयुष्यात येऊ शकतो आणि त्यात धरण चालू राहिलं पाहिजे, आणि दुसरा त्या जागी येऊ शकणारा सगळ्यात मोठा, ज्यात नुकसान चालेल पण पाणी सुटता कामा नये. या दुसऱ्या भूकंपासाठी आज कोणता आकडा धरलाय? १९६७ चीच नोंद परत चालवली की जवळच्या फॉल्टवरून (खडकातल्या भेगेवरून) नवीन काढली? मॉडेलमध्ये काँक्रीटची ताकद कागदावरची जुनी टाकली की आत्ताच्या कोअरची? तडा गेला तर तो किती आत जातो, वरचा तुकडा सरकतो का, आणि भूकंपानंतर त्या तड्यात पाणी शिरून दाब वाढला तर धरण तरीही उभं राहतं का, हे शेवटचं बघितलंय का?

दरवाजांचं पण बोला. १० ऑगस्ट २०२४ ला तुंगभद्रेच्या १९ नंबर दरवाजाची साखळी तुटली आणि दरवाजाच वाहून गेला. बांध शाबूत होता, पण भरलेल्या तलावातलं पाणी सोडून द्यायची वेळ आली. कोयनेला सहा वक्र दरवाजे, त्यांच्यावर नंतर फ्लॅप (वाढीव झडपा) बसवून साठा ९८.७८ टीएमसीवरून (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) १०५.२५ टीएमसी केला. पाणी वाढलं ते चांगलंच झालं, शेतीला आणि विजेला कामाला येतं, पण वाढीव पाणी माथ्याजवळच उभं राहतं, आणि भूकंपात माथाच सगळ्यात जास्त हलतो, म्हणून मूल्यमापन १०५ टीएमसीला धरून झालंय का हे स्पष्ट सांगा. मोठ्या भूकंपानंतर लाईट गेलेली असताना, रस्ता खचलेला असताना हे सहा दरवाजे उचलता येतील का, याची चाचणी कधी झाली तेही सांगा. जुलै २०२१ ला महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस पडला, कोयना तिथंच उगम पावते, आणि त्याच पावसात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं डोंगर खाली आले. अशा पावसाचा पूर नव्या हिशोबात धरलाय का, आणि तलावाच्या कडेचा डोंगर पाण्यात आला तर काय होईल, हे पण त्याच रिपोर्टात यायला पाहिजे.

कायदा तुमच्या-आमच्या दोघांच्या बाजूनं आहे. धरण सुरक्षा कायदा ३० डिसेंबर २०२१ ला लागू झाला. त्यात लिहिलंय की प्रत्येक विनिर्दिष्ट (कायद्याच्या कक्षेत येणाऱ्या) धरणाचं पहिलं सर्वंकष सुरक्षा मूल्यमापन पाच वर्षांच्या आत स्वतंत्र तज्ज्ञांच्या समितीकडून करून घ्यायचं, म्हणजे मुदत ३० डिसेंबर २०२६. आपत्कालीन कृती आराखडा पण त्यातच येतो. मोठा भूकंप झाला किंवा धरणात काही वेगळं दिसलं तर परत मूल्यमापन करायचं हेही आहे. महाराष्ट्रात दोन हजारांपेक्षा जास्त मोठी धरणं आहेत, देशात सगळ्यात जास्त, त्यामुळं सगळ्यांचं एकदम होणं किती अवघड आहे याची मला कल्पना आहे, नाशिकच्या ऑफिसात माणसं किती आणि धरणं किती हे गणित कुणालाही समजतं. पण म्हणूनच कोयना रांगेत मागं राहता कामा नये. खाली पाटण आहे, कराड आहे, पुढं कृष्णेकाठानं सांगली आहे.

सुरक्षेच्या कारणावरून माहिती देता येत नाही, असं उत्तर येऊ शकतं, म्हणून आधीच सांगतो. कंट्रोल रूमचे नकाशे, केबलचे मार्ग, पहारा कुठं असतो, यातलं काहीही आम्हाला नकोय, ते गुप्तच राहिलं पाहिजे. पण गळती किती, अपलिफ्ट डिझाइनच्या किती टक्के, पेंड्युलमप्रमाणे (धरणात टांगलेल्या ओळंब्याप्रमाणे) माथा उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात किती मिलिमीटर सरकतो, कोअरची ताकद किती, यातून कुणाला घातपात करता येणार आहे? उलट आकडे दडवले की व्हॉट्सॲपवर कुणीतरी जुना फोटो टाकून 'धरणाला तडा' म्हणून फिरवतो आणि मग रात्री-अपरात्री लोक लेकराबाळांना घेऊन घराबाहेर येतात, हे आम्ही बघितलंय. खरा आकडा हातात असला तर ती पोस्ट दोन मिनिटांत खोटी ठरते.

आणि खालून येणारी माहिती पण ऐका. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, वीसच्या वर माणसं गेली. ते मातीचं छोटं धरण, कोयनेशी त्याची तुलना नाही, पण तिथल्या गावकऱ्यांनी गळतीबद्दल आधीच सांगितलं होतं. शेतकऱ्याला, गुराख्याला, मासेमारी करणाऱ्याला कुठं नवीन ओल दिसली, कुठं झरा गढूळ झाला, हे साहेबांच्या आधी दिसतं. त्यानं सांगितलेलं कुठं लिहिलं जातं, त्यावर कोण सही करतो आणि किती दिवसांत कोण बघायला जातो, हे ठरवून द्या आणि त्याची पोच सांगणाऱ्याच्या हातात द्या.

तर मागणी अशी आहे की कोयनेच्या सर्वंकष मूल्यमापनाचा रिपोर्ट, गुप्त ठेवायची पानं वगळून, मराठीत प्रसिद्ध करा. शंभर पानांचा इंग्रजी रिपोर्ट वेबसाईटच्या कुठल्यातरी कोपऱ्यात टाकून 'प्रसिद्ध केला' म्हणू नका. आठ-दहा पानांत, साध्या भाषेत, काय तपासलं, काय चांगलं निघालं, काय काळजीचं निघालं, दुरुस्ती काय, कधी आणि किती पैशांत, एवढं लिहा आणि पाटण, कराडच्या तहसील ऑफिसात आणि नदीकाठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत ठेवा. समितीनं एकदा तरी पाटणला येऊन लोकांसमोर बसावं, प्रश्न घ्यावेत, आणि ज्याचं उत्तर अजून मिळालं नाही तिथं तसं सरळ सांगावं, आम्ही समजून घेऊ. काळजीचं काही निघालं तर ते पण सांगा, दुरुस्तीसाठी तलावाची पातळी काही महिने कमी ठेवावी लागली तर आमचा शेतकरी कुरकुर करेल पण ऐकेल, फक्त कारण माहीत पाहिजे.

आपत्कालीन आराखड्यातला पाणी कुठवर येईल त्याचा नकाशा गावनिहाय लावा. कुठल्या शाळेत जायचं, कुठल्या रस्त्यानं जायचं, भोंगा कुठला आणि तो कसा वाजतो, विसर्ग सोडतानाचा भोंगा आणि धोक्याचा भोंगा वेगळा ओळखायचा कसा, हे पोरांना शाळेत शिकवा, आणि वर्षातून एकदा पावसाळ्याआधी रंगीत तालीम घ्या.

आणि पुढच्या वेळी हादरा बसला, तो बसणारच, की प्रेस नोटमध्ये शेवटच्या ओळीत एवढंच वाढवा : धक्क्यानंतर गॅलरीची पाहणी इतक्या वाजता केली, गळती आधी इतकी होती आणि आता इतकी आहे, अपलिफ्ट आधी इतका आणि आता इतका, पेंड्युलमचं रीडिंग इतकं, आणि खाली पाहणी करणाऱ्या इंजिनिअरचं पद. मोजकेच आकडे आहेत, तुमच्या रजिस्टरला ते त्याच दिवशी लिहिले जातात, ते पेपरला द्यायला वेगळा खर्च नाही. पहिली अशी प्रेस नोट कधी काढणार, तेवढं या पत्राच्या उत्तरात कळवा.

आपला,
पाटण तालुक्यातला एक रहिवासी